मे महिन्यातलं पाणी

फ्रीमाँटच्या मागच्या टेकड्या गेल्या आठवड्यात पिवळ्या पडल्या. हिवाळाभर त्या हिरव्यागार असतात, एप्रिलमध्ये त्यांच्यावर गाई चरताना दिसतात, आणि मेच्या मध्यावर कधीतरी, ऑफिसातून परतताना फ्रीवेवर गाडी अडकली की लक्षात येतं, अरे, रंग गेला. मला हा पिवळा रंग फार आवडायचा. मी पुण्याची. मे महिना म्हणजे वाळलेलं गवत आणि तापलेला कातळ, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. इथे येऊन सत्तावीस वर्षं झाली. रस्त्याची बाजू बदलली, दिव्याचं बटण वर केलं की दिवा लागतो हे हातांनी शिकून घेतलं, पण मे तेवढा आपल्यासारखा राहिला होता.

आता तो पिवळा रंग दिसला की मी नजर परत रस्त्यावर आणते. चार वर्षांपूर्वी याच दिवसांत, मे आपल्या ओळखीचा आहे या भरवशावर, मी एका माणसाला जवळजवळ मारलं होतं. ते मी कोणाला फारसं सांगत नाही. सांगायला लागले की लोक म्हणतात, अहो, तो अपघात होता. अपघात होताच. पण त्याच्या आधीचा अर्धा दिवस मी घडवला होता, आणि तो मला मिनिटामिनिटाने आठवतो.

परवा माझ्या मुलीचा, सईचा फोन आला. "आई, डोंगरातली हट मिळालीये. तीच. नेक्स्ट सॅटर्डे. तू येणार ना?"

"आणि चिन्मय?"

"त्याला विचारलं. तो हौ म्हणाला."

म्हणणारच. त्याच्या त्या 'हौ'चीच तर मला भीती वाटते.

चिन्मय नागपूरचा. सहा वर्षांपूर्वी व्हिसावर आला तेव्हापासून आमच्या दोन घरं पलीकडच्या टाउनहाऊसमध्ये आणखी दोघांबरोबर राहतो. आमची ओळख मंडळाच्या कोजागिरीला झाली. तिथे कोणीतरी त्याच्या हातात दुधाचा डाव दिला होता आणि तो दीड तास न थांबता दूध ढवळत उभा होता, कारण थांब असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी जाऊन डाव काढून घेतला तेव्हा म्हणाला, "झालं का मावशी?" त्या दिवसापासून मी मावशी झाले आणि दर रविवारी दुपारी तो आमच्याकडे जेवायला येऊ लागला.

त्याला वाढण्यात मोठी मजा होती. आपल्याकडे पानावर आडवा हात धरायची रीत आहे. वाढणाऱ्याने आग्रह करायचा, जेवणाऱ्याने पानावर हात आडवा घालायचा, मग थोडी झटापट करून अर्धी पोळी पानात पडायची. चिन्मयचा हात कधी आडवा आलाच नाही. एकदा मी मुद्दाम, बघू तरी म्हणून, त्याला चार वेळा श्रीखंड वाढलं. चारही वेळा त्याने "हौ मावशी" म्हणून खाल्लं आणि नंतर संध्याकाळपर्यंत आमच्या सोफ्यावर डोळे मिटून पडून राहिला. माझा नवरा म्हणाला, "अगं, छळ करतेस तू त्याचा." मी हसले. मला तो गुणी मुलगा वाटायचा. आमच्या सईला मी एक पोळी वाढायला गेले तर ती सरळ "आई, नो" म्हणते आणि फोनमध्ये बघते. तिच्यापुढे हा म्हणजे संस्कारांची खाणच होती.

त्याच्या आईने मला नागपूरहून व्हिडिओ कॉल केला होता. मागे स्वयंपाकघर, ओट्यावर कुकर, आणि बाई डोक्यावरून पदर सारखा करत म्हणत होत्या, "ताई, तो तिकडे तुमच्या भरवशावर राहते." मी म्हटलं, "अजिबात काळजी करू नका." किती सहज म्हणून गेले मी ते.

सई डोंगरातल्या एका छोट्या गावात राहते. जनावरांच्या दवाखान्यात काम करते. इंजिनियर आई-बापांची मुलगी घोड्यांचे दात बघते, हे मी मंडळात सांगताना आधी थोडं हसून घेते. हिवाळ्यात ती स्की घालून डोंगरात जाते, बर्फात सुरक्षित कसं हिंडायचं याचे वर्ग करते, बर्फ कधी घट्ट असतो आणि कधी फसवा असतो याची वही ठेवते. त्या वहीचीही मी चेष्टा करायचे. मी ऐन विशीत सह्याद्रीत पन्नाससाठ किल्ले पायाखाली घातलेली बाई. कॉलेजातल्या आमच्या ग्रुपमध्ये पुढे चालायची ती मीच. सई हटचं नाव काढायची तेव्हा मी म्हणायचे, "आम्ही तुझ्या वयाच्या असताना चपला घालून चढायचो."

तर त्या मेमध्ये ती म्हणाली, चल, दाखवते तुला माझे डोंगर. चिन्मयने बर्फ कधी पाहिला नव्हता, म्हणून मी त्याला म्हटलं, येतोस का. तो काय म्हणाला ते सांगायला नकोच.

गाडी जिथे रस्त्यावरचा बर्फ काढणं थांबतं तिथपर्यंतच जाते. पुढे सात मैल चालत. खालच्या टप्प्यात बर्फ वितळून गेला होता आणि पाइनच्या सुयांमधून एक लालभडक कोंब वर आला होता. पान नाही, हिरवं काही नाही, नुसता कुंकवासारखा लाल. चिन्मय त्याच्याजवळ उकिडवा बसला. "मावशी, हे खरं आहे का?" त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो. सईने पाठीवरच्या सॅकमधून दोर काढून नीट गुंडाळला आणि परत भरला. मी म्हटलं, "एवढा दोर कशाला? विहिरीवर चाललोय का आपण?" चिन्मय हसला. सई हसली नाही.

हट लाकडाची. खालची भिंत दगडी, एक दार चक्क वरच्या मजल्यावरही आणि त्या दारापाशी फावडं. फार बर्फ पडतो त्या वर्षी त्याच दारातून शिरावं लागतं म्हणे. आत लोखंडी शेगडी, फळ्यांचे पलंग, येणाऱ्यांनी नावं लिहायची वही. आम्ही बूट दारातच काढले. सई म्हणाली, "आई, इथे काढायची गरज नाही," पण चिन्मयने माझं बघून काढलेच होते, मग तिनेही काढले. खिडकीतून शिखरं दिसत होती. मी इतका पांढरा रंग इतक्या जवळून पाहिला नव्हता, आणि मला तेव्हा, खरं सांगते, थोडी धडकी भरली. पण मी ती बोलून दाखवली नाही. मी पुढे चालणारी होते ना.

आणि सगळीकडे पाण्याचा आवाज होता. दिसत कुठेच नव्हतं, पण भिंतीपलीकडे कोणी नळ उघडा टाकून गेल्यासारखं ते सारखं वाहत होतं. सई म्हणाली, सगळा हिवाळा आता खाली येतोय. मी ऐकलं आणि सोडून दिलं. मे महिन्यात पाणी वाहतं, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरली तरी अंगात शिरली नव्हती. माझ्या मेमध्ये ओढे कोरडे असतात.

सकाळी पाचला निघायचं ठरलं होतं. रात्रभर गारठलेला बर्फ पहाटे घट्ट असतो, त्याच्यावरून भराभर वर जायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं, असा सईचा हिशोब. साडेचारला उठून ती बूट बांधून तयार होती. पण मी शेगडीवर उपमा ठेवला होता. रिकाम्या पोटी माझ्या देखत कोणी डोंगर चढलेलं मला चालत नाही. रवा घरून भाजून नेला होता, आल्याचा तुकडा नेला होता, तिथे बर्फ वितळवून पाणी करायला वेळ लागला. मग चहा. मग चिन्मयला दुसऱ्यांदा उपमा. सई दारात उभी राहून म्हणाली, "आई, प्लीज, लेट्स गो." मी म्हणाले, "अगं, त्याला खाऊ दे की." तो खात होता. त्याचे डोळे दाराकडे होते, बूट घातलेले होते, आणि तो खात होता. आम्ही निघालो तेव्हा पावणेसात झाले होते.

हा उपमा मला नंतर कित्येक महिने करता आला नाही.

वर जाताना पहिला तास सुंदर होता. बुटांना लावलेले काटे बर्फात करकर रुतत होते, हवा नाकाला झोंबत होती. पुढे कुठे कुठे बर्फावर गुलाबी झाक होती, पाऊल टाकलं की गुलाबी ठसा उमटायचा. सई म्हणाली, ते शेवाळ आहे. नऊनंतर ऊन भाजायला लागलं. पाय घोट्यापर्यंत जायला लागले, मग मधूनच गुडघ्यापर्यंत. शिखरावर पोचायला बारा वाजले. तिथून पुढे एकामागे एक पांढऱ्या रांगा, आणि आम्ही तिघं. चिन्मय नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "मावशी, आईला दाखवायला पाहिजे होतं." मी त्याचा फोटो काढला. त्या फोटोत तो हसतोय आणि सई घड्याळ बघतेय.

उतरायची वाट म्हणजे आलो तीच, डोंगराच्या सोंडेवरून. पण आता ती सोंड उन्हात मऊ पडली होती. प्रत्येक तिसऱ्या पावलाला मांडीपर्यंत पाय जायचा, तो उपसून काढायचा, की पुन्हा दुसरा. अर्ध्या तासात माझी कंबर गेली. चिन्मयने माझ्या सॅकमधलं सामान, पाण्याच्या बाटल्या, डबा, जाकीट, सगळं आपल्या पाठीवर घेतलं होतं. "द्या मावशी इकडे." मी दिलं.

तेव्हा मला ती नाळ दिसली. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला नाळ सांगावी लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. दोन कड्यांच्या मधून सरळ खाली उतरणारी चिंचोळी घळ. पावसाळ्यात ती पाण्याची, उन्हाळ्यात माणसांची. आम्ही कितीतरी किल्ल्यांवरून मे महिन्यात नाळेने उतरलोय, दगडांवरून टणाटण उड्या मारत. ही तर गुळगुळीत बर्फाने भरलेली होती, एकसारखी, आणि खाली थेट हटचं छप्पर दिसत होतं. वीस मिनिटांचं काम. आणि सोंडेवरून किमान दोन तास.

"इथून उतरू," मी म्हटलं.

"आई, नो." सई थांबली. "त्याच्याखाली क्रीक आहे. काल आवाज ऐकलास ना? वरचा बर्फ पोकळ असतो. इट विल ब्रेक."

"अगं, एवढा जाड बर्फ दिसतोय."

"दिसतोय. आय ॲम टेलिंग यू, नको."

मी दमले होते. माझी कंबर दुखत होती. आणि माझी मुलगी, जिला मी चालायला शिकवलं, ती मला डोंगर कसा उतरायचा ते इंग्रजीत सांगत होती. मला तिचा राग आला. त्या रागाला दुसरं कुठलं चांगलं नाव देता येईल का, असा मी पुष्कळ विचार केला आहे. नाही देता येत. मी म्हणाले, "तू जन्मायच्या आधीपासून मी नाळा उतरतेय." आणि तिला एकटं पाडायला मी चिन्मयकडे वळले.

"काय रे, तू येतोस ना?"

त्याने एकदा नाळेकडे बघितलं, एकदा सईकडे. मग माझ्याकडे.

"हौ मावशी."

मी पुढे निघाले. मागून सईने काहीतरी मोठ्याने म्हटलं, मी वळले नाही. ती नाळेच्या कडेच्या खडकांवरून आमच्या बरोबरीने उतरायला लागली होती, ते मला नंतर कळलं. मी मात्र खुशीत होते. टाचा रोवत झपझप उतरत होते. पाय बुडत नव्हता. मागे चिन्मयच्या काट्यांचा आवाज येत होता, आणि कुठेतरी खोलवर, पायाच्या तळव्यांना, एक बारीक थरथर लागत होती. मी ती ओळखली नाही.

मग मागचा आवाज थांबला. नीट सांगायचं तर धप्प असा आवाज झाला, गादीवर पोतं पडल्यासारखा, आणि मग पाणी एकदम मोठ्याने ऐकू यायला लागलं, कोणी दार उघडावं तसं. मी वळून पाहिलं तेव्हा चिन्मयचं डोकं, खांदे आणि पसरलेले दोन हात एवढंच बर्फावर होतं. पाठीवरची सॅक कडेला अडकली होती म्हणून तो तेवढा तरी वर होता.

मी पन्नास किलोची. तो ऐंशीचा, आणि पाठीवर माझं ओझं.

मी त्याच्याकडे धावले. "आई, थांब! खाली झोप! झोप!" सई ओरडली. इतकं शुद्ध मराठी ती एरवी बोलत नाही. मी बर्फावर पालथी पडले. माझ्या गालाखाली पाणी वाहत होतं, मला ते स्पष्ट ऐकू येत होतं, फार तर दोन हातांवर. चिन्मय आणि मी एकमेकांकडे बघत होतो, मध्ये दहा पावलं. तो ओरडत नव्हता. त्याचे ओठ पांढरे झाले होते आणि तो हळू आवाजात म्हणत होता, "मावशी, पाय ओढून राहिलं. मावशी, पाय ओढून राहिलं."

मी म्हटलं, "हात सोडू नकोस, बाळा." याखेरीज मला काही करता येत नव्हतं. मी, जी सगळ्यांच्या पुढे चालते.

सईने कडेच्या एका बुटक्या झाडाला दोर बांधला, तोच, विहिरीवरचा, आणि फेकला. पहिला चुकला. दुसरा त्याच्या हातापाशी पडला. ती एकेक सूचना देत होती, मराठी-इंग्रजी सगळं एकत्र, पण आवाज अजिबात चढलेला नव्हता. दवाखान्यात बिथरलेल्या घोड्याशी ती अशीच बोलत असेल. दोर काखेतून घे. गाठ मार. आता सॅकचा बेल्ट उघड. त्याने बेल्ट उघडला आणि सॅक खाली गेली. एकदा दगडावर आपटल्याचा आवाज आला, मग काही नाही. आम्ही तिघांनी तो ऐकला. त्यानंतर सईने ओढलं, आणि मी पोटावर सरपटत कडेला जाऊन तिच्याबरोबर ओढलं, आणि तो छातीने बर्फ घासत, पाय झाडत, बाहेर आला. एका पायात बूट नव्हता.

हटपर्यंत आम्ही त्याला कसं आणलं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. खडकांवरून, सईचे सुके मोजे त्याच्या पायांत, माझा स्वेटर त्याला अर्ध्यातच अडकलेला. त्याचे दात इतके वाजत होते की मला वाटलं तुटतील. शेगडी पेटवून सईने त्याला टॉवेलने खसाखसा पुसलं. म्हणाली, नुकतं जन्मलेलं शिंगरू असंच पुसतात. तो हसायला लागला, मग रडायला लागला. बाहेर लख्ख ऊन होतं. चार वाजले असतील. शिखर तसंच पांढरं, शांत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

मी चहा केला. त्याच्या हातात कप दिला आणि तो धरायला माझेही हात वर ठेवले. मी त्याला म्हणाले, "मला माफ कर रे. मला कळलं नाही खाली पाणी आहे ते."

तो कपात बघत होता. मान वर न करता म्हणाला, "मला माहीत होतं मावशी."

"काय माहीत होतं?"

"सकाळी उपम्यासाठी बर्फ आणायला गेलो ना, तेव्हा पाहिलं होतं. त्या नाळेच्या खालच्या तोंडातून पाणी येऊन राहिलं होतं. आत पूर्ण पोकळ. सई बरोबर बोलत होती."

"मग बोलला का नाहीस?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं. "तुम्ही निघाल्या होत्या ना मावशी," तो म्हणाला.

सई उठून बाहेर निघून गेली. मी तिथेच बसून राहिले. बर्फ फुटला तेव्हा मी घाबरले होते, पण हे ऐकल्यावर जी भीती वाटली ती अजून गेलेली नाही. तो सगळं माहीत असून माझ्या मागे आला होता. मी पुढे होते म्हणून.

घरी आल्यावर त्याने आईला सांगितलं की सॅक वाहून गेली. एवढंच. पुढच्या रविवारी बाईंचा मला फोन. "ताई, किती छान फोटो पाठवला त्याने! तुम्ही आहात म्हणून त्याला हे सगळं पाहायला भेटते." मी दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलले आणि मग माझ्याने राहवलं नाही. सगळं सांगितलं. उपम्यापासून. नागपूरच्या त्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणि त्यांनी उठून गॅस बंद केला नाही, दुसरी झाली तरी. मी शिव्यांची वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "तो लहानपणापासून असाच आहे ताई. मोठ्यांच्या समोर बोलत नाही." मग म्हणाल्या, "मीच शिकवलं त्याला तसं."

मी म्हटलं, "आणि मला ते आवडायचं."

ऑगस्टमध्ये सगळा बर्फ गेल्यावर हटची देखभाल करणाऱ्या बाईंना ती सॅक खाली ओढ्यात सापडली. हटच्या वहीत सईचा नंबर होता, त्यांनी ती पोस्टाने पाठवली. आत माझा स्टीलचा डबा होता, माझ्या आईचं नाव घातलेला. एका बाजूने पार चेपला होता. झाकण नव्हतंच. मी तो स्वयंपाकघरात कपबशांच्या फळीवर ठेवला आहे, रोज सकाळी चहा करताना दिसेल असा. नवरा म्हणाला, टाकून दे ना. मी नाही टाकला. पाण्याने त्या डब्याचं जे केलं ते त्या मुलाचं करायला त्याला फार वेळ लागला नसता.

तेव्हापासून मी बदलले, असं म्हणायला मला आवडेल. ऑफिसात माझ्या टीममध्ये भारतातून नवीन आलेली मुलं असतात. मीटिंगमध्ये मी काही सुचवलं की सगळी माना डोलावतात. आधी मला त्याचं बरं वाटायचं. आता त्या डोलणाऱ्या माना बघितल्या की मला तळव्यांना थरथर लागते. मी विचारते, याच्यात कुठे पोकळ आहे का ते सांगा. ती एकमेकांकडे बघतात. कधीतरी एखादी मुलगी नंतर ईमेल करते, मॅम, मला वाटतं की. मी त्या ईमेलची वाट बघायला शिकले आहे.

चिन्मयवर मात्र माझी मात्रा चाललेली नाही. रविवारी तो अजून येतो. मी आता त्याला एकदाच वाढते आणि विचारते, "खरं सांग, हवंय का?" तो म्हणतो, हौ मावशी. मी म्हणते, "नाही म्हटलंस तरी चालेल." म्हणतो, हौ मावशी. सई म्हणते, "आई, नाही म्हण असा ऑर्डर दिलास तर तो कसं म्हणणार?" तिचं बरोबर आहे.

आज रविवार. सई कालच आली आहे. जेवणं झाली, मी टेबल पुसलं आणि तिने नकाशा पसरला. हट, शिखर, सोंड. पेन्सिलने वाट काढलेली. यंदा बर्फ जास्त आहे, ती म्हणाली, पहाटे चारला निघायचं. मी म्हटलं, उपमा रात्रीच करून ठेवते, चालता चालता खाऊ. ती हसली. चिन्मय कोपरं टेकून नकाशा बघत होता. त्याच्या कानशिलावर दोनचार केस पांढरे दिसले, मला ते आधी लक्षात आले नव्हते.

मग मी ते पुन्हा केलं. मुद्दाम नाही. परीक्षा वगैरे घ्यायची नव्हती मला, शपथ. सोंडेचा तो लांब वळसा मला कागदावरही दमवत होता, आणि माझं बोट आपोआप एका छोट्या खोऱ्यातून सरळ खाली आलं. "हे बघा, इथून उतरलं तर तासभर तरी वाचेल," मी म्हटलं. आणि सवयीने मान वळवली. "काय रे?"

सईने श्वास घेतला. तीही त्याच्याकडे बघायला लागली. मला माझ्याच आवाजाची ओळख पटली. फळीवरून तो चेपलेला डबा आमच्याकडे बघत होता. चिन्मयची मान किंचित हलायला लागली, वरून खाली, ती जुनी हालचाल, आणि मी मनात म्हटलं, नको रे, नको.

मान अर्ध्यात थांबली. त्याने हात पुढे केला आणि माझ्या बोटापुढे, नकाशावर, तळहात आडवा ठेवला. पानावर ठेवतात तसा.

"नाही मावशी," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "इथून नाही. इथे खाली पाणी राहील."

मी बोट उचललं. आग्रह केला नाही.